नगरची दमडी मशीद

श्रोतेहो, शिरूरची घोडनदी ओलांडली कीं पुणें जिल्हा संपतो व नगरचा मुलूख सुरू होतो. आम्हां शिरूरकरांस पुणें सत्तरएक किलोमीटर, तर नगर पंचावनएक. त्यामुळें बाजारहाट, सोयरीक आणि सहल या तिन्ही कामीं नगर हें आमचें शेजारघर झालेलें आहे. दौंडकरांचेंहि तसेंच. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमेच्या कांठचें तें गांव नगरला कायमचें जोडलें गेलें. २०२४ सालीं शासनानें या शहराचें नांव अहिल्यानगर असें केलें. परंतु मी आज ज्या काळाविषयीं बोलणार आहे त्या काळांत तें अहमदनगर होतें. म्हणून जुनेंच नांव वापरीन, त्याची आपण क्षमा करावी.

मी शिरूर तालुक्यांत आयुष्यभर शिक्षकाचा व्यवसाय केला. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. इतिहास-संशोधक म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु दरवर्षीं थंडीच्या दिवसांत मुलांना एस्. टी. च्या गाडींतून नगर दाखविण्यास नेण्याचा माझा परिपाठ होता. किल्ला, फराहबाग, चांदबिबीचा महाल आणि शेवटीं दमडी मशीद, असा आमचा क्रम ठरलेला असे. या चार स्थळांपैकीं आकारानें सर्वांत लहान जें स्थळ, त्यानें मला सर्वांत अधिक शिकविलें. तें कसें, हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम शहराची हकीकत थोडक्यांत सांगतों. बहामनी राज्य मोडकळीस आलें असतां जुन्नर येथें मलिक अहमद हा त्या राज्याचा सुभेदार होता. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मण कुळांतील असून लहानपणीं लढाईंत पकडला जाऊन मुसलमान झाला, असें फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. १४९० च्या मे महिन्यांत सीना नदीच्या परिसरांत भिंगारजवळ अहमदानें बहामनी फौजेचा अचानक हल्ल्यानें पराभव केला. आणि जेथें जय मिळाला तेथेंच १४९४ सालीं नव्या शहराचा पाया घातला. हीच निजामशाहीची राजधानी. पुढें दीडशें वर्षांच्या आंत हें राज्य लयास गेलें. तथापि तेवढ्या काळांत महाराष्ट्राच्या इतिहासांतील किती धागे या शहरांत गुंफले गेले! मालोजीराजे भोसले याच दरबारचे सरदार. पुणें व सुपें या परगण्यांची जहागीर त्यांना याच दरबारानें दिली. नगरच्या शहाशरीफ या अवलियास नवस बोलून झालेल्या पुत्रांचीं नांवें त्यांनीं शहाजी आणि शरीफजी अशीं ठेविलीं, ही परंपरा आपण सर्वांनीं शाळेंत ऐकलेली आहे.

अहमदानें बांधलेला पहिला कोट मातीचा होता. त्याचा नातू हुसेन निजामशहा गादीवर आला तेव्हां परिस्थिति बिकट झाली. विजयनगरचा रामराय, विजापूरकर आणि गोवळकोंडेकर यांच्या फौजा एकत्र होऊन नगरच्या वेशीपर्यंत येऊन ठेपल्या. मातीच्या कोटावर विसंबून भागणार नाहीं हें हुसेनानें ओळखलें आणि १५५९ ते १५६२ या सालांत सबंध किल्ला घडीव दगडांनीं नव्यानें उभारला. भुईकोट किल्ल्यांमध्यें याच्या तोडीचे किल्ले थोडे. चांदबिबीनें १५९५-९६ सालीं मोगलांच्या वेढ्यास तोंड दिलें तें याच तटावरून. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें तो घेतला. आणि १९४२ पासून पंडित नेहरू व त्यांचे सहकारी याच भिंतींच्या आड कैदेंत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेंच लिहिला गेला.

किल्ला पुरा झाल्यावर दोन-अडीच वर्षांनीं, १५६५ च्या जानेवारींत, हेंच सुलतान आपसांतील वैर विसरून एक झाले व रामरायाचा पराभव करून त्यांनीं विजयनगरची सत्ता खिळखिळी केली. त्याच सालीं हुसेन मरण पावला. त्याचा मुलगा मूर्तजा लहान असल्यामुळें कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हातीं गेला. या राजमातेच्या कारकीर्दींत, १५६७ सालीं, किल्ल्याच्या जवळच एक लहानशी मशीद उभी राहिली. तीच दमडी मशीद. ती सहीरखान नांवाच्या सरदारानें बांधविली, अशी लेखी नोंद आहे.

आतां मशिदीच्या बांधणीविषयीं. किल्ल्याचा प्रचंड तट पाहून आलेल्या माणसास ही वास्तु प्रथम नजरेंतहि भरत नाहीं. विजापूरच्या गोलघुमटासारखा येथें भव्यपणा नाहीं कीं डोळे दिपविणारा रंग नाहीं. आहे तो केवळ घडीव काळा दगड. आणि त्या दगडावर केलेलें नाजूक कोरीव काम. मशीद पाहतांना मी मुलांना पहिला प्रश्न असा विचारीत असें कीं, "हिचें तोंड कोणत्या दिशेस आहे ?" उत्तर मिळे, "पूर्वेस." "कां बरें ?" येथें मुलें गप्प होत. नमाज पढणाऱ्यानें मक्केकडे तोंड करावयाचें असतें. आपल्या प्रदेशांतून मक्का ही पश्चिमेस, किंचित् उत्तरेकडे कललेली अशी आहे. म्हणून मशिदीची पश्चिमेकडील भिंत बंद असते, तिच्या मध्यभागीं दिशा दाखविणारा कोनाडा असतो, त्यास मिहराब म्हणतात. आणि भाविक पूर्वेकडून आंत येतात. देवळांत मूर्तीसाठीं गाभारा लागतो, तो काळोखा असला तरी चालतो. मशिदींत मूर्ति नाहीं, गाभाराहि नाहीं. पुष्कळ माणसांनीं खांद्याला खांदा लावून एका ओळींत उभें राहावयाचें असतें. म्हणून ती रुंद, उथळ आणि पुढून मोकळी. वास्तूचा आकार हा असा तिच्या उपयोगांतून जन्मास येतो.

दुसरी गोष्ट कमानीची. आपल्या यादवकालीन देवळांत दोन खांब उभे करून त्यांवर आडवी शिळा टाकीत. दगड हा भार सोसण्यांत बळकट, पण वाकण्यांत दुबळा. आडवी शिळा फार लांब केली तर ती स्वतःच्याच वजनानें मध्यें तडकते. म्हणून देवळांत खांब जवळ जवळ असतात. कमानींत दगडाचे तुकडे पाचरीसारखे तासून एकमेकांस टेकवितात. वरून जसजसा भार येतो तसतसे ते अधिकच घट्ट बसतात आणि तो भार दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. कमान बांधतांना खालीं लाकडाचा सांगाडा द्यावा लागतो. माथ्यावरचा शेवटचा दगड ठोकून बसविला कीं सांगाडा काढून घेतां येतो. ही विद्या दख्खनमध्यें मुसलमानी राजवटीबरोबर रुजली. परंतु ती हातांत घेतली येथल्याच कारागिरांनीं.

हें मी कशावरून म्हणतों ? दगडावरून. आपला सह्याद्रीकडील काळा पाषाण अतिशय कठीण असतो. ज्वालामुखीच्या रसापासून तो झालेला. गुजरातच्या वालुकाश्मावर किंवा मकराण्याच्या संगमरवरावर हात बसलेला कारागीर येथें आणला तर त्याची छिन्नी दिवसांतून दहा वेळां बोथट होईल. या दगडाची नस ओळखणें, तो कोठें फुटेल आणि कोठें दगा देईल हें आवाजावरून ताडणें, टांकीला पाणी देणें, हें ज्ञान पिढीजात पाथरवटांचें. यादवांच्या काळांत ज्या घराण्यांनीं देवळें कोरलीं, त्यांच्याच वंशजांच्या हातीं सुलतानांच्या काळांत मशिदींचें काम आलें असलें पाहिजे. मशिदीवर मनुष्य किंवा पशु यांचीं चित्रें कोरावयाचीं नसतात. तेव्हां तीच छिन्नी वेल, फूल, भूमितीच्या आकृति आणि अक्षरें यांकडे वळली. नगरच्या या लहानशा मशिदीवरील नक्षी पाहतांना मला सिन्नरच्या गोंदेश्वराची आठवण होते. धर्म निराळा, आकार निराळा. पण दगडाशीं बोलण्याची रीत एकच.

येथपर्यंत जें सांगितलें तें कोणीहि तेथें जाऊन डोळ्यांनीं पाहून घ्यावें. आतां ज्या गोष्टीवरून मशिदीस नांव पडलें तिच्याकडे वळतों.

लोक सांगतात कीं, किल्ल्याचें काम चाललें असतां त्यावर खपणाऱ्या मजुरांनीं आपल्या मजुरींतून एकेक दमडी बाजूस काढली आणि त्या पैशांतून ही मशीद बांधिली. म्हणून ती दमडी मशीद. ही कथा मीं माझ्या लहानपणीं ऐकली आणि शिक्षक झाल्यावर पुष्कळ वर्षें मुलांना जशीच्या तशी सांगितली. मुलांना ती फार आवडे. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं' ही म्हण घरोघरीं ऐकलेल्या मुलांना दमडीदमडीनें उभी राहिलेली वास्तु पाहून कौतुक वाटे.

पुढें सहीरखानाची नोंद माझ्या वाचनांत आली. मला आपण आजवर मुलांना चुकीचें शिकविलें याची लाज वाटली. आणि खरें सांगावयाचें तर, आतां आपणांस खरें काय तें कळलें याचा थोडा गर्वहि झाला. त्या वर्षींच्या सहलींत मी मशिदीपुढें उभा राहून म्हणालों, "मुलांनो, दमडीची गोष्ट खोटी आहे. ही मशीद सहीरखान सरदारानें १५६७ सालीं बांधली. वहींत लिहून घ्या."

मुलांनीं लिहून घेतलें. त्यांत एक वडाराचा मुलगा होता. त्याचे घरचे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडीत. तो लिहितां लिहितां थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, मग ह्यो दगूड कुनी घडिवला ? सहीरखानानं ?"

सगळीं मुलें हंसलीं. मीहि हंसलों. आणि त्यास म्हणालों, "अरे, बांधली म्हणजे बांधविली. व्याकरण शीक." तो खालीं मान घालून लिहूं लागला. परत येतांना तो गाडींत खिडकीशीं एकटा बसला होता, एवढें मला स्पष्ट आठवतें.

श्रोतेहो, त्या मुलाचा प्रश्न व्याकरणाचा नव्हता. तो इतिहासाचा होता, आणि मीं त्याला व्याकरणानें गप्प केलें. हें समजण्यास मला बरींच वर्षें लागलीं. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हां मीं या प्रश्नाचा थोडा विचार केला. तो आपणांपुढें मांडतों.

लोककथा ही नेहमींच खरी असते असें माझें म्हणणें नाहीं. नगरच्या पूर्वेस शहाडोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते तिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मूर्तजाचा कर्तबगार वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा आणि तिचा कांहीं संबंध नाहीं. येथें लोकांची आठवण उघड उघड चुकलेली आहे. सलाबतखानानें फराहबाग पुरी केली, शहराला पाण्याचे नळ आणले. पण लोकांच्या मनांत घर केलें तें तटावर उभी राहून लढणाऱ्या राणीनें, आणि म्हणून त्याची कबरहि त्यांनीं तिलाच देऊन टाकिली.

आमच्या शिरूरांतहि असेंच एक उदाहरण आहे. येथें इंग्रजांची छावणी होती आणि कर्नल वॉलेस हा इंग्रज सेनाधिकारी १८०९ सालीं येथें मरण पावला. त्याच्या थडग्यास आमच्या भागांतील लोक सत्पुरुषाचें स्थान मानीत आले आणि सुगीच्या वेळीं तेथें नैवेद्य दाखवीत आले. तो माणूस परका, धर्मानें ख्रिस्ती, पेशानें शिपाई. कागदपत्रें चाळून त्याचें सत्पुरुषत्व कोणी सिद्ध करूं म्हणेल तर तें कठीण जाईल. परंतु त्यानें लोकांशीं कांहीं तरी चांगुलपणा केला असला पाहिजे, एरवीं शेतकरी आपला पहिला घांस परक्या शिपायापुढें ठेवीत नाहीं. तेव्हां लोकांची आठवण नांवांत व तपशिलांत चुकते. पण ती निष्कारण उत्पन्न होत नाहीं.

आतां दमडीच्या कथेची परीक्षा करूं. अबुल फज़लानें अकबराच्या राज्यांतील नाणीं व मजुरी यांची माहिती लिहून ठेविली आहे. त्या हिशेबानें ४० दामांचा एक रुपया आणि ८ दमड्यांचा एक दाम. म्हणजे रुपयाच्या ३२० दमड्या. साध्या मजुराची रोजी सुमारें २ दाम, म्हणजे १६ दमड्या. हा हिशेब उत्तरेकडचा आहे आणि निजामशाहीचें तांब्याचें नाणें निराळें होतें, हें मी विसरत नाहीं. तरी अंदाजास तो पुरेसा आहे. रोज एक दमडी देणें म्हणजे सोळावा हिस्सा देणें. जुन्या भाषेंत रुपयांतला एक आणा. पोटाला चिमटा बसेल, पण मनुष्य उपाशी मरणार नाहीं. समजा, किल्ल्यावर १,००० मजूर होते आणि तीन वर्षांत सुमारें १,००० दिवस काम चाललें, तर १० लाख दमड्या जमतील. त्यांचे रुपये होतात ३,१२५. दोन दामांच्या रोजीनें एका रुपयांत वीस दिवसांची मजुरी भागते. तेव्हां एवढ्या रकमेंत ६२,५०० मजूर-दिवस विकत घेतां येतील. म्हणजे दोनशें माणसें ३०० हून अधिक दिवस राबतील. पाथरवटास मजुरी अधिक द्यावी लागेल, चुना आणि बैल यांचा खर्च वेगळा येईल; तरीहि एका लहानशा मशिदीपुरता हा पैसा अगदीं अपुरा म्हणतां येणार नाहीं. यावरून कथा खरी ठरत नाहीं; परंतु ती अशक्य नाहीं एवढें ठरतें.

सालांचा मेळहि पाहण्यासारखा आहे. किल्ल्याचें दगडी काम १५६२ च्या सुमारास संपलें. मशीद १५६७ ची. मध्यें पांच वर्षें गेलीं, त्यांत एक मोठें युद्ध झालें आणि एक राजा वारला. किल्ल्यासाठीं गोळा झालेले दगड फोडणारे, घडणारे, चुना मळणारे शेंकडों लोक काम संपलें म्हणून एका दिवसांत नाहींसे होत नाहींत. त्यांतले पुष्कळ भिंगारच्या आणि नगरच्या आसपास राहिले असतील. सरदारानें मशीद उभारण्याचें मनावर घेतलें तेव्हां तटाच्या दगडांवर हात तयार झालेले कारागीर त्याच्या हांकेच्या अंतरावर होते. दमड्या त्यांनीं दिल्या असोत वा नसोत, हात त्यांनीं दिले यांत शंका घेण्यास जागा नाहीं.

आणि 'बांधली म्हणजे बांधविली' हें जें मी म्हणालों, तें तरी सर्वस्वी बरोबर होतें काय ? धनिकानें विहीर खणविली, नदीवर घाट बांधविला, मशीद उभारिली, तर त्याचें पुण्य त्यास लागावें, त्याचें नांव राहावें, हें योग्यच आहे. सहीरखानाचा मोठेपणा मला कमी करावयाचा नाहीं. राजानें तटासाठीं पैसा ओतला, तर यानें प्रार्थनेसाठीं ओतला. परंतु नोंद ठेवणाऱ्यानें एकच नांव लिहिलें. बाकीच्यांचीं नांवें लिहिण्यास जागा नव्हती आणि कोणास तशी गरजहि भासली नाहीं. तेव्हां ज्यांचीं नांवें राहिलीं नाहींत त्यांनीं, किंवा त्यांच्या नातवा-पणतवांनीं, एक कथा सांगण्यास सुरुवात केली. त्या कथेंत एकाहि माणसाचें नांव नाहीं. आहे ती फक्त दमडी. आणि नवल असें कीं, साडेचारशें वर्षांनंतर सहीरखानाचें नांव जाणकारांस शोधावें लागतें, आणि दमडीचें नांव रिक्षावाल्यालाहि ठाऊक असतें !

आज ही मशीद केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. संरक्षित म्हणून पाटी लावल्यानें दगड टिकतो. पण त्याचा अर्थ टिकविण्याचें काम पाहणाऱ्याचें आहे. कोणी म्हणेल, ही वास्तु अमक्या धर्माची, तिच्याशीं आम्हांस काय करावयाचें आहे ? त्यास माझें इतकेंच सांगणें कीं, एकदां जवळ जाऊन त्या नक्षीवरून हात न लावतां नुसती नजर फिरवावी. ती टांकी आपल्याच मातींतल्या माणसानें चालविलेली आहे. त्याचा धर्म कोणता होता हें दगड सांगत नाहीं. तो कामांत किती निष्णात होता तें मात्र सांगतो.

घरांतील मुलांना घेऊन आपण नगरला जाल तेव्हां त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्या, अशी माझी विनंति आहे. सहीरखानाचें नांव आणि साल सांगावें, कारण तें लिहिलेलें आहे. दमडीची कथा सांगावी, आणि ती कथा आहे हेंहि सांगावें. यांपैकीं एक सांगून दुसरी खोडून काढूं नये. आणि एखाद्या मुलानें "दगड कोणी घडविला ?" असें विचारलें, तर हंसूं नये.

माझ्या त्या विद्यार्थ्यास त्या दिवशीं जें उत्तर द्यावयास हवें होतें तें मीं दिलें नाहीं. आज देतों. बाळ, दगड सहीरखानानें घडविला नाहीं. तो तुझ्या आजोबांसारख्या माणसांनीं घडविला. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, ही चूक त्यांची नव्हे. आणि तीच चूक तुझ्या गुरुजींनींहि एकदां केली.